काँगोचे विस्थापित : ‘टोळीयुद्ध’ म्हणून हात झटकू नका!

मागे एका कारखान्याच्या गेट मीटिंगमध्ये आम्ही काँगोच्या विस्थापितांचा विषय काढला, तेव्हा मागच्या रांगेतून एक कंत्राटी कामगार उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आफ्रिकेत माणसं मरतात, वाईट वाटतं. पण तिथं त्यांच्या टोळ्या आपसांत भांडतात, त्याला आपण काय करणार? आमचा तीन महिन्यांचा ओव्हरटाइम थकलाय, त्याचं आधी बोला.” लोक हसले, टाळ्याही पडल्या. त्या कामगाराला दोष देण्यासाठी हा लेख नाही. त्याने जे म्हटले तेच आमच्या वर्तमानपत्रांनी त्याला वर्षानुवर्षे शिकवले आहे, आणि खरे बोलायचे तर आमच्या युनियनच्या कार्यालयांतही याहून वेगळे काही शिकवले गेलेले नाही. परंतु त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. थकलेल्या ओव्हरटाइमचा आणि काँगोच्या छावण्यांचा संबंध आहे, आणि तो नुसत्या भावनेचा संबंध नाही.

काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा मध्य आफ्रिकेतील देश. मोबुटूच्या राजवटीत त्याचे नाव झाईर होते. आज या देशात ७० लाखांहून अधिक माणसे आपल्याच देशात घरदार सोडून राहत आहेत. आणखी दहा लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून शेजारच्या देशांत गेले आहेत. त्यांतले पाच लाखांहून अधिक एकट्या युगांडात आहेत. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एम-२३ या सशस्त्र गटाने रवांडाच्या सैन्याच्या पाठबळावर उत्तर किवू प्रांताची राजधानी गोमा जिंकली, आणि फेब्रुवारीत बुकावू. गोमाभोवतीच्या छावण्यांत त्या वेळी लाखो विस्थापित होते. फेब्रुवारीत नव्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना सांगितले की ७२ तासांत छावण्या रिकाम्या करा. घर सोडून छावणीत आलेल्यांना छावणी सोडून कुठे जायचे हे कोणी सांगितले नाही. ज्यांची घरे लढाईत पडली होती, ज्यांच्या शेतात स्फोटके पुरलेली होती, तेही चालू लागले.

या सगळ्याला आमच्याकडे एक शब्द आहे : टोळीयुद्ध. या शब्दात मोठी सोय आहे. टोळीयुद्धाला कारण लागत नाही, तारीख लागत नाही, आणि त्यात कोणाचा नफा शोधावा लागत नाही. भूकंपासारखे ते होते आणि थांबते. हा शब्द खोटा आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी आम्ही कामगारांचाच इतिहास पुढे ठेवणार आहोत.

मळ्यांसाठी आणलेली माणसे

गोमाच्या पश्चिमेला मासिसीचा डोंगराळ मुलूख आहे. आजच्या लढाईचे मूळ तिथल्या ‘बाहेरच्या’ आणि ‘मूळच्या’ लोकांच्या भांडणात आहे, असे सांगितले जाते. पण हे बाहेरचे लोक तिथे आले कसे? त्यांतले काही राजकीय सीमा आखण्याच्या आधीपासूनच त्या भागात होते. बाकीच्यांपैकी हजारोंना १९३७ पासून १९५५ पर्यंत बेल्जियमच्या वसाहती सरकारने रवांडातून आणून मासिसीत वसवले. त्यासाठी सरकारने खास योजनाच काढली होती. चहा, कॉफी आणि पायरेथ्रम यांच्या गोऱ्या मालकांच्या मळ्यांना मजूर हवे होते. रवांडात दाट वस्ती आणि दुष्काळ होता. छोटा नागपूरच्या आदिवासींना आसामच्या चहामळ्यांत कसे नेले, हे ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मजूर आणताना त्यांच्या जमिनीचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न कोणी सोडवला नाही. मालकाला हात हवे होते, माणसे नको होती. स्वातंत्र्यानंतर मोबुटूने हा प्रश्न आपल्या राजकारणासाठी वापरला. १९७२ साली एका फर्मानाने १९६० पूर्वीपासून राहणाऱ्या या लोकांना नागरिकत्व दिले. १९८१ साली दुसऱ्या कायद्याने ते काढून घेतले आणि अट घातली की तुमचे पूर्वज १८८५ साली काँगोच्या हद्दीत होते हे दाखवा. ज्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत युरोपच्या सत्तांनी आफ्रिकेच्या वाटण्या पक्क्या केल्या, ते हे वर्ष! निरक्षर शेतमजुराने शंभर वर्षांपूर्वीच्या आजोबांचे कागद आणायचे. कागद नसला की माणूस परका. परका झाला की त्याची जमीन दुसऱ्याची. १९९३ साली मासिसी-वालिकाले भागात कत्तली सुरू झाल्या तेव्हा ठिणगी कोणी टाकली हे सांगता येईल. पण दारू दहा-वीस वर्षे सरकारी कचेरीत कुटली जात होती.

पुढच्या वर्षी, १९९४ साली, रवांडात सुमारे आठ लाख लोकांचे शिरकाण झाले. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. जुलैमध्ये त्या शिरकाणाचे गुन्हेगार आणि त्यांच्यासोबत सामान्य हुतू असे दहा लाखांच्या आसपास लोक काही दिवसांत गोमात आले. पटकीने पहिल्या काही आठवड्यांत हजारोंनी माणसे मेली. छावण्यांचा ताबा मात्र मारेकऱ्यांच्या हाती राहिला, आणि आंतरराष्ट्रीय मदत त्यांच्याच हातून वाटली गेली. १९९६ साली रवांडाचे सैन्य त्या छावण्यांवर चालून गेले. मे १९९७ मध्ये मोबुटू पडला. १९९८ पासून २००३ पर्यंत शेजारच्या अनेक देशांची सैन्ये काँगोच्या भूमीवर लढली. या इतिहासात वंशद्वेष नाही असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि तो खुनी आहे. पण वंशद्वेष एकटा तीस वर्षे सैन्य पोसू शकत नाही. सैन्याला पगार लागतो, बंदुकीला काडतूस लागते. तो पैसा कोठून येतो ते पाहू.

कोल्टनच्या पोत्यामागे

मासिसीतच रुबाया नावाचे गाव आहे. तेथील डोंगरांतून कोल्टन निघते. कोल्टनपासून टँटलम हा धातू मिळतो. मोबाइल, संगणक, विमाने यांच्या बारीक कपॅसिटरांत तो लागतो. जगातील कोल्टनचा सुमारे १५ टक्के पुरवठा या एका भागातून होतो असे सांगितले जाते. तिथे यंत्रे फारशी नाहीत. माणूस कुदळ-फावड्याने बोगदा खणतो, पोते पाठीवर घेतो, आणि दिवसाकाठी काही डॉलर मिळाले तर नशीब समजतो. पाऊस आला की डोंगर खचतो.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस एम-२३ ने रुबाया घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी सुरक्षा समितीला कळवले की या गटाला तेथील खनिजावरच्या करातून महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर मिळतात आणि माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो. रवांडा सरकार या गटाला मदत करत असल्याचे नाकारते. पण रवांडाचे हजारो सैनिक काँगोच्या हद्दीत असल्याचे याच तज्ज्ञांनी नोंदवले आहे. आणि ज्या फेब्रुवारी २०२४ मध्ये लढाई गोमाच्या वेशीवर आली होती, त्याच महिन्यात युरोपीय संघाने रवांडाशी महत्त्वाच्या खनिजांच्या पुरवठ्याचा करार केला. आता सांगा, ही टोळी कोणती? ब्रुसेल्सची टोळी यात धरायची की नाही?

याच गटाने ताब्यातल्या गावांत रस्ते करून घेण्यासाठी लोकांना सक्तीने राबवले. त्याला तिथे ‘सालोंगो’ म्हणतात. आपल्या भाषेत त्याला वेठ म्हणतात. लिओपोल्ड राजाच्या काळात, १८८५ ते १९०८ दरम्यान, रबराचा ठरलेला भरणा झाला नाही म्हणून काँगोच्या माणसांचे हात तोडले गेले. मालक बदलले, माल बदलला. वेठ टिकली.

एका गोष्टीत मात्र आम्ही एकतर्फी बोलणार नाही. काँगोचे सरकारी सैन्य आणि त्याच्या बाजूने लढणारे स्थानिक सशस्त्र गट हेही खाणींतून हप्ते घेतात, बायकांवर अत्याचार करतात. १९९४ च्या मारेकऱ्यांच्या वारसदारांशी सरकारी सैन्याचे लागेबांधे आहेत, हेही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. ३ मे २०२४ रोजी गोमाजवळच्या विस्थापितांच्या छावणीवर तोफगोळे पडले आणि त्यांत मुले मेली. सरकारी तोफा छावण्यांच्या जवळच उभ्या केलेल्या होत्या अशी तक्रार लोकांची होती. सरपणासाठी विरुंगाच्या जंगलात जाणाऱ्या छावणीतल्या बायकांवर बलात्कार झाले, आणि ते दोन्ही बाजूंच्या बंदूकधाऱ्यांनी केले. आमचा पक्ष दोन सैन्यांपैकी कोणाचा नाही. पोते वाहणाऱ्याचा आहे.

कामगारानेच कामगाराला हाकलले तेव्हा

आता जो इतिहास सांगतो तो आमच्या चळवळीने पाठ करावा असा आहे. तो किवूचा नाही, दक्षिणेकडच्या कटांगा प्रांताचा आहे. तिथे रवांडाचे सैन्य नव्हते. तिथे तांब्याच्या खाणी होत्या, रेल्वे होती आणि संघटित कामगार होते.

१९०६ साली स्थापन झालेल्या युनियन मिनिएर कंपनीला तांब्यासाठी मजूर हवे होते. कंपनीने ते १९२० च्या दशकापासून शेजारच्या कासाई भागातून मोठ्या प्रमाणावर आणले. त्यांना कुटुंबासह कंपनीच्या वसाहतींत ठेवले, कामाला जुंपले, शिकवले. डिसेंबर १९४१ मध्ये एलिझाबेथविलच्या, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीच्या, खाण कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला. आफ्रिकन कामगारांना तेव्हा युनियन काढण्याचा हक्कच नव्हता. मैदानात जमलेल्या संपकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यांचा पुढारी लेओनार म्पोयी आणि डझनावारी कामगार ठार झाले. त्या मैदानात कोण कासाईचा आणि कोण कटांगाचा, हे गोळीने विचारले नाही.

पन्नास वर्षांनी हेच विचारले गेले. कंपनीचे १९६७ साली राष्ट्रीयीकरण झाले होते आणि तिचे नाव जेकामिन झाले होते. त्याच वर्षी मोबुटूने सगळ्या युनियन बरखास्त करून एकच सरकारी युनियन ठेवली. १९८० च्या दशकात जेकामिन वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे काढत होती. नफा राजवाड्यात जात होता आणि यंत्रे गंजत होती. कंपनी डबघाईला आली, पगार थकू लागले. कामगार एक होऊन किन्शासाकडे बोट दाखवतील अशी वेळ आली, तेव्हा प्रांताच्या सत्ताधाऱ्यांनी वेगळे बोट दाखवले : तुमच्या नोकऱ्या कासाईवाल्यांनी खाल्ल्या, कटांगा कटांगावाल्यांचा! मोबुटूला हे हवेच होते, कारण त्याचा मुख्य विरोधक, राष्ट्रीय परिषदेने पंतप्रधान निवडलेला एतिएन त्शिसेकेदी, कासाईचा होता.

१९९२ आणि १९९३ साली लिकासी व कोल्वेझी या खाणशहरांतून कासाई वंशाच्या लाखो लोकांना हाकलण्यात आले. त्यांतले कित्येक तिथेच जन्मले होते, कासाई त्यांनी पाहिलेही नव्हते. घरे लुटली, जाळली. माणसे रेल्वे स्थानकांवर आठवडे आणि महिने गाडीची वाट पाहत राहिली. उपासमारीने आणि रोगाने हजारो मेली. हाकलणाऱ्यांत कालचे सहकारी होते, एकाच पाळीत काम केलेले.

मग हाकलणाऱ्यांना काय मिळाले? अनुभवी कामगार आणि तंत्रज्ञ गेले आणि खाणी आणखी बसल्या. १९९३-९४ पर्यंत उत्पादन ५० हजार टनांच्या आसपास आले. रिकाम्या झालेल्या जागा भरण्यापुरते कामच राहिले नाही. आणि दहाच वर्षांत, २००३-०४ साली, जागतिक बँकेच्या पैशाने जेकामिनमध्ये ‘स्वेच्छानिवृत्ती’ची योजना आली व सुमारे दहा हजार कामगार घरी गेले. स्वेच्छानिवृत्तीतली स्वेच्छा किती असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कित्येक महिने पगार नाही आणि समोर एकरकमी पैसा. सही कोण करणार नाही? त्याआधी २००२ साली जागतिक बँकेच्याच सल्ल्याने नवा खाण कायदा झाला होता आणि उत्तमोत्तम साठे परदेशी कंपन्यांच्या वाट्याला गेले. कालचा कायम कामगार आज कुदळ घेऊन त्याच खाणीच्या कडेला बेकायदा खणू लागला. कोबाल्टची मागणी वाढली, खाणी रुंदावल्या, आणि कोल्वेझीत जेकामिनच्या जुन्या कामगार वसाहतीतील घरांवरच आता खाण चालून येत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अॅम्नेस्टीने या सक्तीच्या विस्थापनाचा अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे कासाईवाल्याला दंगलीने हाकलले आणि कटांगावाल्याला कंपनीच्या नोटिशीने. दोघेही रस्त्यावर. पहिला आधी गेला, एवढाच काय तो फरक.

‘भूमिपुत्र’ या शब्दाने ज्यांच्या छातीत अभिमान दाटतो, त्यांनी लिकासीचे रेल्वे स्थानक एकदा डोळ्यांपुढे आणावे.

उपायांच्या नावाखाली

या प्रश्नावर जे उपाय सुचवले जातात त्यांचीही तपासणी केली पाहिजे.

पहिला उपाय मदतीचा. अन्न, औषध, तंबू यांना आमचा विरोध असण्याचे कारण नाही. त्यावाचून माणसे मरतात. पण मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. जानेवारी २०२५ मध्ये, गोमा पडत असतानाच, अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत रोखली. काँगोतील मदतीचा सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता. ज्या देशांत काँगोचा माल जातो त्यांच्याकडून त्याला दाम मिळण्याऐवजी भीक मिळावी, आणि भीकही एका सहीने बंद व्हावी, ही व्यवस्था न्यायाची कशी?

दुसरा उपाय प्रमाणपत्राचा. अमेरिकेने २०१० साली कायदा करून कंपन्यांना संघर्षग्रस्त भागातील खनिजांची माहिती देण्यास भाग पाडले. युरोपचा कायदा २०२१ पासून लागू झाला. पोत्याला चिठ्ठी बांधायची, म्हणजे माल शुद्ध. प्रत्यक्षात पोते सीमेपलीकडे गेले की चिठ्ठी मिळते. आणि चिठ्ठीवर खाणीचे नाव असते, खणणाऱ्याची मजुरी नसते. त्याला युनियन काढता येते का, बोगद्याला टेकू आहे का, त्याचे पोर कुठे आहे, हे चिठ्ठी सांगत नाही.

तिसरा उपाय बहिष्काराचा. आमच्यातले काही तरुण मित्र म्हणतात की हा मालच घेऊ नका. त्यांची तळमळ आम्हाला मान्य आहे, पण अनुभव उलटा आहे. सप्टेंबर २०१० मध्ये काँगो सरकारने पूर्वेकडच्या प्रांतांतील हाताने होणारे खाणकाम बंद केले. मार्च २०११ मध्ये बंदी उठवावी लागली. त्या सहा महिन्यांत बंदूकधारी उपाशी राहिले नाहीत, मजुरांच्या घरच्या चुली मात्र विझल्या. कामगाराचे काम काढून घेऊन कामगाराची सुटका होत नाही.

चौथा उपाय तहाचा. २७ जून २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडा यांनी शांतता करारावर सह्या केल्या. शांतता कोणाला नको? पण त्या कराराच्या सोबतीने खनिजांच्या व्यापाराचा आणि अमेरिकन गुंतवणुकीचा आराखडा आला. ४ डिसेंबर २०२५ रोजी दोन्ही अध्यक्षांनी पुन्हा वॉशिंग्टनला जाऊन सह्या पक्क्या केल्या, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत एम-२३ ने उविरा शहर घेतले; पुन्हा हजारो लोक बुरुंडीकडे पळाले. ज्या तहाच्या मेजावर खाणी आहेत पण खाण कामगार नाही, त्या तहाने विस्थापित घरी जाणार नाहीत.

आपला संबंध काय?

आता त्या कंत्राटी कामगाराच्या प्रश्नाकडे वळतो. आपला काय संबंध?

पहिला संबंध रक्ताचा आहे. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविलमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत लढताना कामी आले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. समोर होते कटांगाच्या फुटीर सरकारचे लोक, आणि त्या सरकारच्या तिजोरीत पैसा होता युनियन मिनिएरचा. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. तिथे जाणारा जवान आपल्याच शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरातला असतो.

दुसरा संबंध मालाचा आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी, गोमा पडल्याच्या त्याच आठवड्यात, आपल्या मंत्रिमंडळाने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिजांच्या मोहिमेला मंजुरी दिली. तीन दिवसांनी अर्थसंकल्पात कोबाल्टच्या भुकटीवरील आयात शुल्क माफ झाले. देशाला बॅटऱ्या आणि मोबाइल बनवायचे आहेत, कारखाने येत आहेत, ते यावेत. पण त्या कारखान्यांत आज कंत्राटावर राबणारी पोरे आणि रुबायाचा खणकरी यांच्या हातांतून एकच माल जातो. एका टोकाला मजुरी शून्याकडे ढकलता आली की दुसऱ्या टोकाला मालक म्हणतो, “परवडत नाही, बाहेर स्वस्त पडते.” ओव्हरटाइम थकण्याचे तर्कशास्त्र हेच आहे. आणि ज्याचे शेत गेले, घर गेले, ज्याला कागद नाही, त्याच्याइतका स्वस्त मजूर जगात दुसरा नाही. मग ते किवू असो, नाहीतर २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच महामार्गांवरून पायी निघालेले कामगार असोत.

तिसरा संबंध लाजेचा आहे. मे २०१६ मध्ये दिल्लीत वसंत कुंज येथे रिक्षावरून झालेल्या भांडणात एका तरुण काँगोली शिक्षकाला मारून टाकण्यात आले. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी आफ्रिका दिनाच्या सरकारी समारंभावर जाहीर नाराजी नोंदवली. त्या वेळी देशातील किती युनियनांनी ठराव केला? आपण वर्णद्वेषाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेसाठी मोर्चे काढले होते. तोच काळा माणूस आपल्या गल्लीत भाड्याची खोली मागायला आला तेव्हा आपण कुठे होतो?

आणि आपला देश १९५१ च्या निर्वासित करारात आजही सामील नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. कोणाला आसरा द्यायचा हे त्या त्या वेळच्या सरकारची मर्जी ठरवते. संघटनेच्या आणि सामुदायिक वाटाघाटीच्या हक्काचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ व ९८ क्रमांकाचे दोन करार काँगोने मान्य केले आहेत, भारत सरकारने केलेले नाहीत. काँगोत ते कागदावरच आहेत हे खरे. पण आपल्याकडे तर कागदावरही नाहीत. मागासलेल्या आफ्रिकेची कीव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपण काय मागावे?

नुसता निषेधाचा ठराव करून फाइल बंद करण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. आमच्या सूचना अशा :

(१) इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी उद्योगातील प्रत्येक युनियनने आपल्या मागणीपत्रात एक कलम घालावे : टँटलम, कोबाल्ट, कथील यांचा माल कोठून येतो आणि तिथे कामगारांना संघटनेचा हक्क आहे काय, याची माहिती व्यवस्थापनाने युनियनला द्यावी. मालक हसतील. आठ तासांच्या मागणीलाही हसले होते.

(२) सरकार परदेशात खाणी घेण्याचे करार करील, तेव्हा त्यांत कामगारांचे हक्क आणि उठवल्या जाणाऱ्या वस्तीचे पुनर्वसन यांची बंधनकारक अट असावी. कोयना-नर्मदेचा अनुभव असलेल्या देशाने दुसऱ्याच्या देशात तोच गुन्हा करू नये.

(३) काँगोतील कामगार संघटनांशी फेडरेशनने थेट संपर्क ठेवावा. त्यांच्याविषयी जे काही कळते ते परदेशी वृत्तसंस्थांच्या तोंडून कळावे, ही आपली नामुष्की आहे.

(४) भारतात निर्वासितांसाठी धर्म, वंश, देश न पाहणारा कायदा व्हावा. आणि आफ्रिकी विद्यार्थी व कामगारांवर हल्ला झाला तर स्थानिक युनियनने त्याच दिवशी त्यांच्या दारात जावे.

(५) आणि घरातली गोष्ट : परप्रांतीय कामगाराला युनियनचे सभासदत्व देण्यात जिथे टाळाटाळ होते, तिथे ती थांबवावी. हे कलम शेवटी आले आहे, पण महत्त्वाने पहिले आहे. लिकासीत युनियन जागी असती तर स्थानकावर माणसे मेली नसती. निदान सहकाऱ्यांच्या हातून हाकलली गेली नसती.

त्या कंत्राटी कामगाराच्या ओव्हरटाइमचे काय, असे कोणी विचारील. तो मिळालाच पाहिजे आणि त्यासाठी लढा चालूच आहे. पण त्याला पुढच्या गेट मीटिंगमध्ये आम्ही एवढेच सांगणार आहोत की बाबा, मालक तुझ्या जागी कोणालाही आणू शकतो तोवर तुझा ओव्हरटाइम थकतच राहणार. आणि बंदुकीच्या जोरावर माणसाला घरातून काढून खाणीत ढकलता येते तोवर मालकाला ‘कोणीही’ची वाण पडणार नाही. त्या लोकांना आपल्या शेतावर परत जाता आले पाहिजे, खाणीत राहिले तर मानाने आणि मजुरीने राहता आले पाहिजे. ही त्यांची मागणी आहे, आणि म्हणून आपलीही आहे.

पुढच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. टाळ्या पडल्या नाहीत तरी चालेल.